तिथीची पाऊणपट

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. हे मी कौतुकाने सांगत नाही, घरात वाचण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतं. माझे बाबा पेणला एका लहानशा छापखान्यात कामाला आहेत. लग्नपत्रिका, गणपतीच्या कारखान्यांची बिलबुकं, दुकानांच्या उद्घाटनांची निमंत्रणं ही छापखान्याची कामं, आणि पत्रकं हे बाबांचं स्वतःचं. आमचं मूळ गाव धरमतरच्या खाडीकाठी. तिथला बाहेरचा बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं, की गावातली चार माणसं संध्याकाळी आमच्याकडे यायची, चहा व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदावर पत्रक तयार असायचं. 'बांध कोणाचा? जबाबदारी कोणाची?' पहिलीच्या पुस्तकातले सोपे शब्द जुळवायच्या आधी मला 'जबाबदारी' वाचता यायला लागलं होतं.

या पत्रकांचा एक नियम होता. मजकूर कितीही तिखट असो, तळाला नाव आणि फोन नंबर हवाच. कोणी म्हणालं, "नाव नको, उगाच लफडं व्हईल," तर बाबा हातातलं काम ठेवून द्यायचे. "नाव नसंल तं ते पत्रक नाय. तो भिंतीआडून मारलेला दगड हाय." शेवटी तळाच्या ओळीत बहुतेक वेळा बाबांचाच नंबर जायचा, कारण बाकीचे मिठागरात, शेतात, आणि फोनजवळ बसलेला माणूस एकच.

हा नियम माझ्या अंगात इतका मुरलेला होता की तो नियम आहे हेच मी विसरले होते. गेल्या थंडीत त्याने माझ्या बहिणीचं जवळजवळ नुकसान केलं.

ती माझी मावसबहीण. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात, एका नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर राहते. माझ्याहून बरीच मोठी, म्हणून ताई. सात वर्षं ती एका रंगाच्या कंपनीत पॅकिंगला होती. पावडर भरायची, गोणीचं तोंड शिवायचं, शिफ्ट सुटली की नाक शिंकरायचं. त्या दिवशी कोणता रंग होता ते रुमालावरून कळायचं. हे सगळं ती हसत सांगायची, आणि मी त्यावर चिडून भाषण द्यायचे, आणि ती म्हणायची, "भाषणानं नाक साफ होत नाय गो." मग तिच्या छातीने दगा दिला. जिना चढताना मध्ये थांबायला लागली. डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला आणि सांगितलं की पंपाने भागेल, पण पावडर सुटली तरच.

तिने नोकरी सोडली. म्हणजे जाणं थांबवलं. 'सोडली' असं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, घरातही नाही. कंपनीचा युनिफॉर्म घडी करून माळ्यावर ठेवला होता.

घरी बसून तिने मोबाईलवर व्हिडिओ बघत एक धंदा शिकून घेतला. माल दुसऱ्याचा, जाहिरात आपली. एखाद्या ऑनलाइन दुकानाकडून आपल्या नावाची लिंक घ्यायची, पदरचे पैसे घालून तिची जाहिरात कुठेतरी लावायची, आणि त्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली तर दुकान आपल्याला हिस्सा देतं. सगळं कसब जागा निवडण्यात. जिथून माणसं येतात ती जागा, तिला ते लोक ट्रॅफिक सोर्स म्हणतात. सुरुवातीचे काही महिने ताईचं बरं चाललं. मग ज्या मोठ्या साइटवर ती जाहिराती देत होती तिथले दर तिच्या आवाक्याबाहेर गेले. आणि नेमका तेव्हाच तिच्या जुन्या सुपरवायझरचा फोन आला. जागा रिकामी झालीय, परत यायचं तर सोमवारपर्यंत कळवा. त्याच खात्यात, त्याच मशीनवर.

तिने मला मंगळवारी बोलावलं. मी पेणहून दुपारच्या गाडीने रोह्याला गेले. दार उघडल्याबरोबर ती म्हणाली, "एक नवीन जागा सापडलीय. शनिवारपर्यंत टेस्ट करायची. चाललं तर चाललं. नाय तर सोमवारी मी सरांना हो म्हणते. तू लिहितेस ना? मग लिही."

मी जाहिरातींच्या विरोधात होते. सरसकट. एका दिवाळी अंकात मी त्यावर लेखही लिहिला होता आणि तो ताईने वाचला होता. पण जिना चढून आल्यावर मला जेवढी धाप लागली नव्हती, तेवढी तिला दार उघडायला येताना लागली होती. मी पिशवी ठेवली आणि बसले.

नवीन जागा म्हणजे एक मराठी ॲप होतं. रोजची तिथी, सण, आणि खाडी-समुद्राच्या भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं. त्यांनी नुकत्याच जाहिराती घ्यायला सुरुवात केली होती. ताईचा हिशेब सरळ होता. भरतीची वेळ कोण बघतं? ज्याचे पाय पाण्यात असतात तो. म्हणून तिने वस्तू निवडली होती गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. मिठागरात खाऱ्या पाण्यात दिवसभर उभं राहून माणसांच्या टाचा कशा फुटतात, हे मी लहानपणी गावात पाहिलेलं होतं. वस्तू मला पटली.

पटला नाही तो दुकानाने पाठवलेला तयार मजकूर. 'फक्त आज! शेवटचे सतरा जोड!' आणि खाली उलटं धावणारं घड्याळ. पान बंद करून पुन्हा उघडलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

"हे सतरा जोड कोणी मोजले?" मी विचारलं.

"कोणी नाय. सगळे असंच लिहितात."

"म्हणजे खोटं आहे."

"बाय माझे, तू लेख लिहायला आलीस का मदतीला?"

पण ते घड्याळ तिने काढून टाकलं. मला वाटतं, तिलाही ते आवडत नव्हतं, फक्त कोणीतरी नको म्हणायला हवं होतं. मग मी तीन जाहिराती लिहिल्या. चित्र एकच, ओळी वेगळ्या. पहिली, 'मिठाने पाय फुटतात. हे बूट पाहा.' दुसरी, 'दिवसभर पाण्यात उभे राहता? पाय कोरडे ठेवा.' तिसरी माझी लाडकी होती: 'पाय तुमचा आहे. मालक त्याची काळजी घेणार नाही.'

ताई ती वाचून खोकेपर्यंत हसली. "ही जाहिरात हाय का मोर्चा?"

"तीन वेगळ्या हव्यात म्हणालीस ना?"

"ठेव, ठेव. कळेल."

टेस्टचे नियम तिने मला स्वयंपाक शिकवावा तसे सांगितले. थोड्या पैशांत सुरू करायचं. तीन दिवस हात लावायचा नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कारण दोन बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. मीठ आणि चिंच एकदम टाकलीस तर आमटी कशाने बिघडली ते सांगता येत नाय, असं म्हणाली. माणूस जाहिरातीवर बोट ठेवणार, आमच्या पानावर येणार, तिथलं बटण दाबून दुकानात जाणार. ते मधलं पान मंगळवारी संध्याकाळी मी तिच्या जुन्या लॅपटॉपवर तयार केलं. वर चित्र, मग चार खऱ्या ओळी, मग बटण. आणि तळाला, हात चालतच होता म्हणून, आणखी एक ओळ. ताईने पान मोबाईलवर पाहिलं, बटणापर्यंत आली, बटण चालतंय ना ते बघितलं आणि म्हणाली, "छान."

बुधवारी सकाळी जाहिराती लागल्या. साडेबारापर्यंत काहीच नाही. पाऊणच्या सुमाराला एकदम माणसं आली. पाठोपाठ, भराभर. ताई पोळी लाटता लाटता फोनकडे धावत होती. अडीचच्या आत सगळं थंड. क्लिक भरपूर, पण बटण दाबून दुकानात गेलेले अगदी थोडे, आणि विक्री शून्य.

"पहिला दिवस हाय," ती म्हणाली.

गुरुवारी पुन्हा तसंच. फक्त गर्दी दीड वाजता. शुक्रवारी सव्वादोनला. विक्री दोन्ही दिवस शून्य. माझी तिसरी जाहिरात तळाला होती, मोर्चाला कोणी आलं नव्हतं. लोक येत होते ते पहिलीवर, साध्या ओळीवर. मला ते थोडं लागलं.

शुक्रवारी संध्याकाळी ताईने कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे तीन वेळा एकाखाली एक लिहिल्या. पाऊण. दीड. सव्वादोन. मग पेन्सिल ठेवून म्हणाली, "माणसं अशी वागत नाहीत. रोज बरोबर पाऊण तास उशिरा? कोणीतरी यंत्र लावलंय. खोटे क्लिक आहेत हे. व्हिडिओत सांगतात ना, नवीन जागेवर हे बघायचं पहिलं."

मला ते इतकं पटलं की मी तिथेच त्या ॲपवाल्यांना पत्र लिहायला घेतलं. 'कष्टकऱ्यांच्या नावाने चाललेली ही लूट' अशी सुरुवात होती. दोन पानं झाली. माझ्यासारख्या माणसाला चिडायला पुरावा फारसा लागत नाही, आणि त्या आठवणीने अजून माझे कान गरम होतात. मी खाडीकाठच्या गावची. पण वाढले पेणमध्ये, बाजाराजवळच्या खोलीत. भरती-ओहोटी मी पत्रकांतून वाचलेली. डोळ्यासमोर तीन दिवसांच्या वेळा मांडलेल्या होत्या आणि मला त्यात फक्त चोर दिसला.

शनिवारी सकाळी ताईने स्टुलावर चढून माळ्यावरचा युनिफॉर्म काढला. निळा, खिशाजवळ अजून पिवळसर डाग. बादलीत भिजत घातला. ताईचे यजमान, माझे भावजी, शिफ्टवरून आले होते. त्यांनी बादलीकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि मग पेपर उघडून त्याच्यामागे गेले. त्यांना तिने परत जाऊ नये असं वाटत होतं आणि एकट्याच्या पगारात ते कसं जमणार हेही त्यांना ठाऊक होतं.

"जेवण झालं की बंद करते जाहिराती," ताई म्हणाली. "सरांना आजच सांगते. सोमवारपर्यंत कशाला ताटकळत ठेवायचं?"

मी संध्याकाळच्या गाडीने परत येतेय हे सांगायला बाबांना फोन केला. दोन वाजून गेले होते.

बाबा घाईत होते. "आता नको बोलू. तीनला फोन चालू होतील, त्याआधी दोन घास खाऊन घेतो. आज संकष्टी, तुझ्या आईचा उपास, मी एकटाच बसलोय ताटावर."

"कसले फोन?"

"कसले म्हंजे? तुझ्या बुटांचे. बुधवारपासून चालूच हायेत की. तूच नंबर टाकलास ना?"

पानाची तळाची ओळ माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. 'संपर्क', आणि पुढे बाबांचं नाव आणि नंबर. मला ते टाकल्याचं आठवतच नव्हतं. जसं पत्राच्या शेवटी आपण सही करतो आणि केली हे लक्षात राहत नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू कामात असशील. मना वाटलं, माझ्यावर सोपवलंस." त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता आणि तो मला सहन झाला नाही. "वहीत सगळं लिहून ठेवलंय."

"पण तीनलाच कशावरून?"

"आज चतुर्थी नाय का? चारची पाऊणपट किती?" बाबा घास गिळून म्हणाले. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड. भरती लागली की पाण्यातली कामं थांबतात. होड्या लावून मानसं बसतात, बायका बांधावर येतात. पाणी कवा उतरंल ते फोनात बघतात, आणि वर तुझे बूट दिसतात. मग मना फोन. एवढं तं तुला ठाव पायजे गो."

मी फोन स्पीकरवर टाकला होता. ताईच्या हातात पोळी तशीच राहिली होती. भावजींनी पेपर खाली केला.

"काका," ताईने हळूच विचारलं, "मग तुम्ही लोकांना काय सांगितलंत?"

"खरं ते. मिठागरात चालंल म्हनलो, तिथं तळ घट्ट असतो. खाजणात घालू नका, चिखलात पाय निघंल आणि बूट ऱ्हाईल."

"म्हणजे गिऱ्हाईकं परत पाठवलीत?"

"मग काय करू? बूट परत येन्यापेक्षा गिऱ्हाईक परत गेलेलं बरं."

भावजी हसले. मीही हसले असते, पण ताई हसली नाही. तिने फोन बंद केला, हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर बसली.

"नंबर मला विचारून टाकलास?"

"ताई, तळाला नाव असायलाच हवं. नाहीतर..."

"नाहीतर काय? दगड?" बाबांचं ते वाक्य आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. "एका वेळी एकच गोष्ट, हे मी तुला किती वेळा सांगितलं? तू गुपचूप दुसरी टाकलीस. आता मला काय कळलं सांग. बूट वाईट? जागा वाईट? का बटणाऐवजी लोक फोन करतात म्हणून विक्री दिसत नाय? तीन दिवस गेले आणि मला काय कळलं?"

ती धाप टाकत पुढे म्हणाली.

"तुझं तत्त्व ऱ्हायलं गो. त्यात माझी छाती गेली."

मी खोटं घड्याळ काढायला लावलं ते बरोबर होतं. तळाची ओळ टाकली तीही बरोबर होती, असं मला आजही वाटतं. पण तिला न सांगता टाकली. भिंतीआडून. दगड तो हाच.

ती उठली, बादलीतला युनिफॉर्म पिळला आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातला. खोकत खोकत. मी मदतीला गेले तर तिने कोपरानेच नको म्हटलं. पण जाहिराती बंद केल्या नाहीत. तीन वाजता दोघींनी फोनकडे बघितलं. माणसं आली. यंत्रं नव्हती ती. धरमतरच्या पाण्याकडे बघत बसलेली माणसं होती, आणि त्यांच्या मागे पेणला माझे बाबा, तोंडातला घास संपवून, कानाला फोन लावून.

त्या संध्याकाळी मी गेले नाही. ॲपवाल्यांना लिहिलेलं पत्र फाडून टाकलं. झोपायच्या आधी ताई म्हणाली, "ती वही बघायची आहे मला. उद्याचा दिवस आहे अजून."

रविवारी आम्ही दोघी पेणला आलो. रविवारी छापखाना बंद असतो, पण बाबांकडे किल्ली असते. बाजूच्या गल्लीत गणपतीच्या कारखान्यांतून मूर्तींना पॉलिश पेपर लावण्याचं काम चाललं होतं. ती पांढरी धूळ ओलांडताना ताईने नाकाला पदर लावला. आत बाबांनी तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती, आणि टेबलावर वही.

मला वाटलं होतं वहीत नावं आणि पत्ते असतील. होते, पण थोडेच. बाकी सगळे प्रश्न होते. बाबांनी प्रत्येक फोनचा प्रश्न लिहून ठेवला होता, पत्रकासाठी लोकांच्या तक्रारी लिहून घेतात तसा. 'चिखलात रुततो का.' 'आत पाणी गेलं तर कसं वाळवायचं.' 'पैसे आधी की माल आल्यावर.' आणि पानामागून पान, पुन्हा पुन्हा, 'बाईच्या मापाचा हाय का.'

ताईचं बोट त्या ओळीवर थांबलं. "काका, याला काय सांगितलंत?"

"ठाव नाय म्हनलो. ठाव नव्हतं."

तिने लगेच दुकानाचं पान उघडलं. लहान मापं होती, पण वेगळ्या पानावर, आणि तिथे कोणी जाईल अशी वाटच नव्हती. आमच्या चित्रात बुटांत उभा होता तो बाप्या. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून चालतात त्या बायका, हे ताईला रोह्यात बसून ठाऊक नव्हतं आणि मला ठाऊक असून सुचलं नव्हतं.

"एकच गोष्ट बदलायची," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने लिंक बदलली, आणि मला वरची ओळ लिहायला सांगितली. मी लिहिलं, 'बायकांच्या मापाचेही आहेत. मिठागरात चालतील. खाजणात चालणार नाहीत.' ही एकच गोष्ट आहे की दोन, यावर आम्ही थोडं भांडलो. बाबा म्हणाले एकच आहे, खरं बोलणं. ताई म्हणाली, काका, तुम्ही गप्प बसा.

पंचमी होती. पाचची पाऊणपट पावणेचार. साडेतीनला बाबांनी सवयीने फोन पुढ्यात ओढला. ताईने तो त्यांच्या हातातून घेतला.

पहिला फोन चुकून आलेला. दुसरा एका माणसाचा, त्याला खाजणासाठीच हवे होते. ताईने क्षणभर डोळे मिटले आणि त्याला नको म्हणून सांगितलं. बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तिसरा फोन एका बाईचा. आवाज मोठा, मागे वारा आणि कोणीतरी हसत होतं. स्पीकरची गरजच नव्हती.

"हालो, ते बुटांचं हाय काय? परवा दादा बोलले, ते कुठं हायत?"

"इथेच आहेत. मी बोलते ना. पायाचं माप काय तुमच्या?"

"माप कोनाला ठाव? चप्पल पाचची घालते."

"मग पाचचाच घ्या. आत मोजा घालायचा असेल तर सहाचा." आणि तिला खोकला आला. नेहमीचा, लांबलेला. तिने फोन बाजूला धरला, पंप ओढला, थांबली, पुन्हा फोन कानाला लावला. "बोला."

"काय गो बाय, केवढी खोकतेस! थंडीचा हाय?"

"नाय. कंपनीतला."

"कसली कंपनी?"

"रंगाची. पावडर भरायचे मी."

"नि अजून जातेस तिथं?"

बाबा वहीत काहीतरी लिहीत होते, त्यांचं पेन थांबलं. बाहेर गल्लीत पॉलिश पेपरचा खरखर आवाज चालू होता. ताई समोरच्या भिंतीवरच्या जुन्या पत्रकाकडे बघत होती, पण ती ते वाचत नव्हती.

"नाय," ती म्हणाली. "सोडलीय."

"बरं केलंस. मग बूट कवा येतील ते सांग."

ताईने सांगितलं. लिंक पाठवते म्हणाली, बटण कुठलं दाबायचं ते सांगितलं, मुलीला दाबायला सांगते असं बाई म्हणाली. फोन ठेवल्यावर ताईने वही स्वतःकडे ओढून घेतली आणि लिहिलं, 'पाच नंबर.' मग पुढचा फोन आला.

त्या दिवशी दोन जोड गेले. त्या बाईचा धरून. दुकानाच्या पानावर आकडा दिसला तेव्हा ताईने फोन मला दाखवला आणि लगेच परत घेतला. दोन जोडांवर घर चालत नाही. पुढे काही आठवडे बूट चालले, काही आठवडे नाही, आणि नंतर तिने दुसऱ्या वस्तू शोधल्या. मी हे यशाची गोष्ट म्हणून लिहिलं तर तीच माझा कान धरेल.

संध्याकाळी आई साबुदाण्याची खिचडी घेऊन आली, कालचा उपास झाला तरी साबुदाणा भिजवलेला उरला होता म्हणून. चौघं छापखान्यातच खायला बसलो. ताई म्हणाली, "पानाच्या खाली काकांचं नाव आहे ते काढ."

मी घास खाली ठेवला. मला वाटलं, पुन्हा तेच.

"माझं टाक. नाव आणि नंबर."

"म्हंजे मना काढलं कामावरून?" बाबा म्हणाले.

"काका, तुम्ही गिऱ्हाईकं परत पाठवता."

"आज तूही पाठवलंस एक."

"पाठवलं," ताई म्हणाली. "पण मी त्याला नीट सांगितलं. तुम्ही त्यांना बूट हरवल्याच्या गोष्टी सांगत बसता."

मी सोबत आणलेला तिचा लॅपटॉप उघडून बाबांचं नाव आणि नंबर पुसला आणि तिचं टाकलं. नाव लिहिताना तिने माझ्या खांद्यावरून वाकून आडनाव बरोबर आहे ना ते बघितलं. मी कधी कोणाचं नाव इतकं जपून लिहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ताईने सुपरवायझरला फोन केला. ती आमच्याकडेच राहिली होती. मागच्या दाराशी उभी राहून बोलली, मला तिचीच बाजू ऐकू आली. "नाय सर... नाय, पगाराचं नाय... व्हय, विचार केलाय... नाय, दुसरीकडे पण नाय... सर, आता नाव नका ठेवू माझं यादीत." मग आत आली, चहाचा कप घेतला, आणि युनिफॉर्म परवापासून दोरीवरच आहे, भावजी काढतील की नाही कोण जाणे, असं काहीतरी पुटपुटली.

"आज षष्ठी ना?" तिने विचारलं.

बाबा छापखान्याला निघाले होते, दारातून वळून म्हणाले, "व्हय. सहाची पाऊणपट."

"साडेचार," ताई म्हणाली. तिने मोबाईल काढला आणि जाहिराती चारला सुरू होतील अशा लावल्या.